पस्तीस अंशांपर्यंत

आमच्या घरात थर्मामीटर दोन. एक तापाचा, तो देवघरातल्या फडताळात असतो. दुसरा माजघराच्या भिंतीवर, लाकडी पट्टीत बसवलेला, लाल रेघेचा. हा दुसरा अण्णांचा. अण्णा कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये होते. निवृत्तीच्या दिवशी लोक शाल-नारळ घेऊन घरी येतात. अण्णा शाल-नारळ आणि वाटेत बाड्यावरून, म्हणजे इथल्या बाजारातून, स्वतःच्या पैशांनी घेतलेला हा थर्मामीटर घेऊन आले. तेव्हापासून उन्हाळ्यात रोज दुपारी तीनला ते कॅलेंडरच्या चौकोनात एकाखाली एक असे दोन आकडे लिहितात. दोन का, हे कुणी विचारलेलं नाही. अण्णांच्या बऱ्याच गोष्टी घरात अशाच, न विचारता चालू आहेत.

गेल्या मे महिन्यातली दुपार. ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागात त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. लू अशी वाहत असते की खिडकीच्या गजाला हात लागला तर चटका बसतो. लाइट गेलेली. माझा पुतण्या ईशान मोबाइलमध्ये बघत बघत त्या थर्मामीटरपाशी जाऊन उभा राहिला. भिंतीकडे बघितलं, पुन्हा मोबाइलकडे.

"काका, पीएस फाइव्हच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय, पाच ते पस्तीस डिग्री. आपल्याकडे एक्केचाळीस आहे."

पीएस फाइव्ह म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडून खेळ खेळायचा कन्सोल, जो त्याला हवा होता. लाइट नसताना ते यंत्रही बंदच असणार, हे त्याच्या लक्षात आलं नाही आणि मीही आणून दिलं नाही. तासाभराने लाइट आली, कूलर सुरू झाला, साहेबांनी पुन्हा मोजलं. छत्तीस. एका अंशाने नापास. आणि मंडळी, नुसती वरची हद्द नाही हो; जानेवारीत धुकं पडलं की आमच्या गच्चीवर पारा पाचच्याही खाली जातो. तो कागद लिहिणाऱ्याने ग्वाल्हेर समोर ठेवून दोन्ही टोकं ठरवली असावीत, असं वाटण्याइतकी ती चपखल बसतात.

ईशान आता दहावीत आहे. मुंजीतली भिक्षावळ, गणपतीत म्हटलेल्या अथर्वशीर्षाची दक्षिणा असं सगळं धरून त्याच्या स्टीलच्या डब्यात बरेच पैसे जमलेत. उरलेले मी घालायचे, असं त्याने माझ्या वतीने ठरवलेलं आहे. प्रश्न एवढाच की पाच घ्यायचा की सहाची वाट बघायची. मी पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे.

आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर पिढीजात आहे: थांबा. पहिल्या खेपेची वस्तू घेऊ नये, हा अण्णांचा कायदा. १९८२ च्या एशियाडला गल्लीत दोन घरी रंगीत टीव्ही आले. आमच्याकडे तो आला तेव्हा मी चौथी पास झालो होतो आणि गल्लीतल्या पहिल्या टीव्हीची पिक्चर ट्यूब गेलेली होती. फ्रीज, स्कूटर, कॉम्प्युटर, प्रत्येक गोष्टीत आम्ही शेवटून दुसरे. आणि प्रत्येक वेळी अण्णा बरोबर ठरले. थांबलं की वस्तू स्वस्त होते, हलकी होते, कमी वीज खाते आणि तोवर तिच्यातल्या खोड्या दुसऱ्याच्या खर्चाने निघालेल्या असतात. दुसऱ्याच्या घाईवर आपली काटकसर. मराठी माणसाने शेअर बाजारात पैसे घातले नसतील, पण वाट बघण्यात तो पिढ्यान्‌पिढ्या गुंतवणूक करत आलाय.

कन्सोलच्या बाबतीतही हा कायदा फार वर्षं चोख लागू होता. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ मध्ये तोच ९९ डॉलरला मिळू लागला. मधल्या काळात, २००४ मध्ये, त्याची सडपातळ आवृत्ती निघाली, जाडजूड पुस्तकाएवढी. तिसरा प्लेस्टेशन २००६ मध्ये आला तेव्हा वरचं मॉडेल ५९९ डॉलरचं. तीन वर्षांनी बारीक झालेला तिसरा २९९ डॉलरला. मधल्या तीन वर्षांत त्याची मुख्य चिप बनवायची पद्धत ९० नॅनोमीटरवरून ४५ वर, म्हणजे आणखी बारीक घटकांवर, आली होती. चिप लहान झाली की एका वेफरमधून, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीतून, जास्त निघतात, म्हणून स्वस्त. वीज कमी लागते, म्हणून थंड. थंड म्हणून पंखा लहान, पंखा लहान म्हणून खोकं लहान. एका वाटाण्याची साल निघाली की सगळी शेंग सुटावी, तसं.

माझ्या लहानपणी हे काहीच कळत नव्हतं. आमच्याकडे होता तो टीव्ही गेम: करडा डबा, दोन रिमोट, पिवळी कॅसेट. कॅसेट लागली नाही की काढून फुंकर मारायची. ते यंत्र ज्याची नक्कल होतं, त्या १९८३ च्या जपानी मूळ यंत्राला मेमरी होती दोन किलोबाइट. आता ईशानच्या मोबाइलमधला एखादा हसरा चेहरासुद्धा त्याहून जड असेल. जागा इतकी तोकडी की मारिओमधले ढग आणि झुडपं हे एकच चित्र आहे, रंग बदलून दोनदा वापरलेलं. हे मला चाळिशीत कळलं आणि कुणीतरी लहानपणी फसवल्यासारखं वाटलं. मग लगेच कौतुकही वाटलं. आईसुद्धा एका साडीचे दोन परकर आणि उशीचा अभ्रा काढायचीच की.

त्या डब्याचा अडॅप्टर मात्र इस्त्रीसारखा तापायचा. मेच्या सुट्टीत भावाला युक्ती सुचली: अडॅप्टर माठाच्या तिवईखालच्या ओल्या फरशीवर ठेवायचा. दोन दिवस झकास चालला. तिसऱ्या दिवशी फट्‌ आवाज, जळका वास, अख्ख्या वाड्याचा फ्यूज उडालेला आणि आईची चपराक. गणित साधं होतं, यंत्र तापतं, त्याला थंड करा; फक्त पद्धत जीवघेणी होती. पुढे मी जो विषय शिकवायला लागलो, त्याचं मूळ तिवईखाली आहे असं म्हणायला हरकत नाही.

असो. दिवाळीनंतर एका रविवारी मी ईशानला वहीच्या मागच्या पानावर आकडे लिहायला लावले. पहिल्या प्लेस्टेशनची मुख्य मेमरी २ एमबी. दुसऱ्याची ३२. तिसऱ्याची दोन्ही प्रकारची मिळून ५१२. चौथ्याची ८ जीबी. भागाकार कर म्हटलं.

"सोळा. सोळा. सोळा." त्याने वर बघितलं. "सोळाचा पाढा आहे हा."

"आता पाचव्याची लिही."

पाचव्याची १६ जीबी. म्हणजे दुप्पट. पाढ्याप्रमाणे १२८ व्हायला हवी होती. सोळाचा पाढा म्हणता म्हणता गुरुजी एकदम दोनच्या पाढ्यावर आले. मला वाटतं, पुढच्या कन्सोलबद्दल जे काही बोलायचं ते या एका घसरणीपासून सुरू व्हायला हवं, टेराफ्लॉपपासून, म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी गणितं होतात त्या आकड्यापासून, नव्हे. टेराफ्लॉप हा लग्नपत्रिकेवरच्या पदव्यांसारखा असतो. चौथ्याचे १.८४, पाचव्याचे १०.२८, वाचायला छान. संसार कसा होतो, ते मेमरी, उष्णता आणि किंमत ठरवतात.

पाढा का मोडला? रॉबर्ट डेनार्ड या इंजिनिअरने १९७४ साली मांडलं होतं की ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला सूक्ष्म स्विच, लहान करत गेलात तर त्याला लागणारी वीजही त्याच प्रमाणात घटते. तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसवा, उष्णता वाढणार नाही. तीसेक वर्षं हे वरदान चाललं. २००५-०६ च्या सुमारास ते संपलं. ट्रान्झिस्टर अजून लहान होतात, पण त्यांची भूक त्या मानाने कमी होत नाही आणि लहान करण्याचा कारखान्यातला खर्च दर पायरीला चढतो. मी वर्गात इथे एक उदाहरण देतो, कारण मुलं त्यावर जागी होतात. एक्सबॉक्स ३६० हा मायक्रोसॉफ्टचा कन्सोल २००५ चा. त्यातले डाख तापून-निवून, तापून-निवून तडकायचे, समोर लाल दिव्यांचं वर्तुळ पेटायचं आणि यंत्र संपलं. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. खेळण्याच्या डब्यात गरम हवेला वाट नीट दिली नाही, त्याचं हे बिल.

सोनीने पाचव्यात वाट दिली, पण केवढी. साडेचार किलोचं धूड, १२० मिलिमीटर व्यासाचा पंखा, चिप आणि हीटसिंक (उष्णता ओढून घेणारे धातूचे पत्रे) यांच्यामध्ये नेहमीच्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू. धूळ साठायला दोन भोकं वेगळी ठेवलेली, व्हॅक्यूम क्लीनर लावून ओढून घ्या म्हणून. ही भोकं मला त्या अख्ख्या यंत्रातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. कारण आमच्या घरचा मागच्या पिढीचा कन्सोल (कंपनीचं नाव राहू द्या, बिचाऱ्याची काही चूक नव्हती) मी गेल्या उन्हाळ्यात उघडला होता. खेळता खेळता तो जेट विमानासारखा घोंघावायचा आणि मग गप्प बसायचा. झाकण काढलं तर पंख्याच्या पात्यांवर राखाडी नमदा. हाताने सोलून निघाला, जाड घोंगडीचा तुकडा निघावा तसा. त्यात इथल्या दगडाची तांबूस धूळ, कूलरच्या जाळीतल्या गवताच्या काड्या आणि कूलरच्याच ओलाव्याने त्या सगळ्याचं झालेलं लिंपण. हीटसिंकच्या पत्र्यांमध्ये ते सारवल्यासारखं बसलेलं. रंगाच्या ब्रशने आणि दात कोरायच्या काडीने दोन तास काढत बसलो. कूलर म्हणजे आम्हाला जगवणारं यंत्र आणि तेच दुसऱ्या यंत्राचा जीव घेत होतं.

शिवाय हिशेबही गमतीचा आहे. पाचवा कन्सोल मोठा खेळ चालू असताना सुमारे २०० वॉट वीज घेतो. आमचा कूलरही जवळपास तेवढीच. चिपमध्ये गेलेली वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते, तिला दुसरी गत नाही. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी आधीच तापलेल्या खोलीत दोन अदृश्य पाहुणे आणून बसवायचे आणि त्यांची उष्णता घालवायला त्यांच्याइतकाच खाणारा तिसरा उभा करायचा. म्हणून पुढच्या कन्सोलकडून तुझी काय अपेक्षा, असं मला विचारलंत तर मी वेग सांगणार नाही. वेग पाचव्यातच पुरेसा आहे, खेळ साठवणारी आणि ५.५ जीबी दर सेकंदाला वाचणारी एसएसडी आल्यापासून ‘लोडिंग’ बघत पोहे खायची सोय गेली. मला हवाय १५० वॉटमध्ये भागवणारा कन्सोल.

आणि खरं सांगायचं तर चिन्हं त्या दिशेची आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्लेस्टेशनचे शिल्पकार मार्क सर्नी आणि चिप आखणाऱ्या एएमडी कंपनीचे जॅक ह्यून यांनी मिळून एक व्हिडिओ काढला. त्यात तीन गोष्टी होत्या: प्रकाशकिरणांचा माग काढायला चिपमध्ये स्वतंत्र सर्किट, त्याला त्यांनी रेडियन्स कोअर म्हटलंय, चिपमधले गणकघटक एकत्र जोडून एआयच्या कामाला लावायचे, ते न्यूरल ॲरे, आणि मेमरीकडे जाणारी-येणारी सगळीच माहिती दाबून लहान करायची युक्ती, युनिव्हर्सल कॉम्प्रेशन. हे सगळं सध्या फक्त सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकलेत, आहे आणि काही वर्षांत पुढच्या कन्सोलमध्ये आणायचं आहे, असं सर्नी स्वतः म्हणाले. नाव घेतलं नाही, पण उखाण्यात नाव घेण्याची ही त्यांची पद्धत.

तिन्हींचा अर्थ एकच: जास्त राबू नका, कमी राबून भागवा. एआयवाली गोष्ट मी घरी रांगोळीवरून समजावली. पूर्वीचे कन्सोल पडद्यावरचा एकेक ठिपका हिशेब करून भरायचे. आता यंत्र थोडे ठिपके नीट काढतं आणि रेघा अंदाजाने ओढतं. वहिनी म्हणाली, "मग चुकतं का?" चुकतं की. केसांपाशी, जाळीपाशी, पावसाच्या सरींत रेघ वाकडी जाते. पण सरावलेला हात असेल तर ठिपक्यांची रांगोळी फटाफट होते आणि दारातून जाणाऱ्याला फरक कळत नाही. मला हा मार्ग मनापासून पटतो. एकच भीती आहे: अंदाज करणारं यंत्र हाताशी आलं की खेळ बनवणारे ठिपकेही नीट काढेनासे होतात. गेल्या काही वर्षांत बरेच खेळ धूसर आणि अर्धकच्चे बाजारात आले, ते काही चिपच्या दोषाने नाही.

मेमरीचं मात्र सांगता येत नाही, कारण ती आता आपल्या हातातली गोष्ट राहिली नाही. एआयच्या डेटा सेंटरांनी २०२५ च्या शेवटी मेमरीचा बाजार असा उचलला की डिसेंबरात मायक्रॉनसारख्या मेमरी बनवणाऱ्या कंपनीने सामान्य गिऱ्हाइकांसाठीचा ‘क्रुशियल’ हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या वर्षांत सहाव्यात मेमरी किती घालायची याचे निर्णय व्हायचे, त्याच वर्षांत कांदा महागावा तशी मेमरी महागली. सोळाचा पाढा परत येणार नाही, हे मी ईशानला लिहून दिलंय.

आणि इथेच अण्णांचा कायदा मोडतो. पाचवा २०२० मध्ये अमेरिकेत ५०० डॉलरला आला. पाच वर्षं थांबलेल्याला तो स्वस्त मिळायला हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये सोनीने तिथे किंमत ५० डॉलरने वाढवली. एक्सबॉक्सही त्याच वर्षी महागला. आपल्याकडे चौथा २०१४ च्या जानेवारीत ३९,९९० रुपयांना आला होता, पाचवा फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आणि त्याचीही किंमत पुढे वरच गेली. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा अण्णा वरण-भात कालवत होते. हात थांबला.

"जुनं झालं आणि महाग झालं? असं कसं?"

सोनं आणि जमीन सोडून जुनी होऊन महाग होणारी वस्तू त्यांच्या हिशेबात नव्हती. मी डेनार्ड सांगितला, वेफर सांगितले. त्यांना पटलं असावं, कारण ते काही बोलले नाहीत आणि ताक मागितलं.

बाकी भवितव्याचं म्हणाल तर थोडक्यात आटपतं. आतापर्यंत प्लेस्टेशनच्या दोन पिढ्यांत सहा, सहा, सात, सात वर्षांचं अंतर पडलंय, त्या हिशेबाने सहाव्यासाठी २०२७ च्या आसपास बोट जातं. मायक्रोसॉफ्टनेही पुढच्या एक्सबॉक्ससाठी एएमडीशीच करार केल्याचं २०२५ च्या जूनमध्ये सांगितलं, म्हणजे दोन्ही घरची कणीक एकाच गिरणीची. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा स्विच २ हा कन्सोल त्याच महिन्यात आला. तो हातात धरून खेळायचा, म्हणून त्याला विजेच्या बाबतीत आधीपासूनच जिभेला लगाम आहे, पण निन्टेन्डो भारतात अधिकृत दुकान मांडत नाही, दुबईहून कुणी येणार असेल तर बघा. आणि पुढचा प्लेस्टेशन आला तरी इथे येईलच असं नाही: २०२४ चा प्लेस्टेशन ५ प्रो सोनीने त्या वर्षी भारतात आणला नाही, कारण त्याचं वायफाय ज्या ६ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात बोलतं त्याला तेव्हा इथे परवानगी नव्हती. चिप चालते, पंखा चालतो आणि अडतं कुठे, तर वायफायच्या लहरींवर. वरातीत नवरदेव सोडून सगळे पोचावेत तसं. ईशानच्या वर्गातली निम्मी मुलं मोबाइलवरच खेळतात आणि त्यांना या चर्चेतलं काहीही अडलेलं नाही, हेही लिहून ठेवतो.

२०२७ म्हटल्यावर वहिनीने बोटं मोजली. दहावी आता मार्चमध्ये. मग अकरावी. मग बारावी.

"बारावीच्या वर्षी येणार हा कन्सोल?"

ईशानने माझ्याकडे बघितलं. मी भाताकडे.

मकरसंक्रांतीच्या आधीच्या रविवारी अण्णांनी तळघर उघडायला सांगितलं. आमच्या जुन्या दगडी घराला तळघर आहे. माझ्या आजीच्या काळी मे महिन्याच्या दुपारी सगळं घर तिथे उतरायचं: पाट, पंखे, पत्ते, पन्हं. कूलर आल्यापासून तिथे तांब्या-पितळेची भांडी, गणपतीची मखरं आणि माझ्या कॉलेजच्या नोट्‌स राहतात. जिना दगडी, अकरा पायऱ्या. अण्णा ब्याऐंशीचे, ते वरच थांबले आणि मी नि ईशान उतरलो. आत ओलसर, थंड, जुन्या गोणपाटाचा वास. ईशान एका कोपऱ्यात हात पसरून उभा राहिला, टीव्ही किती इंची बसेल ते बघत.

"इथे उन्हाळ्यात किती असतं, कसं कळणार? आता तर जानेवारी आहे," तो खालून ओरडला. "मेपर्यंत थांबावं लागेल."

वरून काही उत्तर आलं नाही. आम्ही वर आलो तर अण्णा माजघरात जमिनीवर बसलेले, समोर जुन्या कॅलेंडरांच्या सुरळ्या, प्रत्येकीला रबर. त्यांनी एक सोडवली, मे महिन्याचं पान गुडघ्याखाली दाबून सपाट केलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"वरचा आकडा माजघराचा," ते म्हणाले. "खालचा तळघराचा."

रोज दुपारी तीनला ते जिना उतरत होते, निदान त्या वर्षांत तरी. आम्ही सगळे तेव्हा कूलरपुढे झोपलेले असणार. ईशान बोट ठेवत वाचत गेला: एकतीस, एकतीस, बत्तीस, एकतीस, तेहेतीस, बत्तीस. आणखी दोन वर्षांची पानं बघितली. तेहेतीसच्या वर एकही नाही.

"दोन डिग्री शिल्लक!" ईशान म्हणाला.

"अरे, पण ते यंत्र स्वतः तापेल ना? खोली बंद आहे. एक झरोका." अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "आत्ताचं दोनशे वॉटचं म्हणालास. नवीन किती वॉटचं आहे?"

"ते अजून सोनीने सांगितलेलं नाही, अण्णा."

"बरं," म्हणत त्यांनी पान गुंडाळलं, रबर लावलं. "सांगितलं की मला सांग. तोवर तो झरोका मोठा करून घेऊ."